हरणघळीची साक्ष

सातारा जिल्हा संपत येतो आणि सांगली अजून सुरू व्हायची असते, त्या सांध्यात एक माळ आहे. पाऊस तिथं पडायचं दरसाल ठरवतो आणि ऐनवेळी बेत बदलून पाटणला निघून जातो. गवत इतकं विरळ, की एका काडीकडून दुसऱ्या काडीकडं निघालेल्या मेंढराला वाटेत खायला शिदोरी बांधून द्यावी लागते. निदान अर्जुना तसं सांगायचा. अर्जुनाच्या बोलण्यातलं निम्मं खरं धरायचं असा वाडीचा शिरस्ता होता, आणि ते निम्मं कुठलं, हे त्याच्या बायकोला, बयाबाईला विचारून घ्यायचं.

पण माळावरच्या त्या दगडी ओळींबद्दल बयाबाईला विचारायची गरज नव्हती. त्या कुणालाही दिसायच्या. पायथ्यापासून दोन ओळी वर चढत गेल्या होत्या, गुडघ्याएवढ्या उंच, दगडावर दगड ठेवलेल्या. पायथ्याला दोघींच्या मध्ये गावची जत्रा भरेल एवढी जागा. वर जाता जाता त्या एकमेकींकडं सरकत जायच्या आणि माथ्यावर जेमतेम एक बैलगाडी निघेल एवढंच अंतर उरायचं. तिथंच जमीन संपायची. खाली हरणघळ. ही घळ मोठी कपटी होती. चालणाऱ्याला ती दिसायची नाही, पाय तिच्यात जायची वेळ आली की दिसायची. डाव्या ओळीच्या टोकाशी पाऊलभर रुंदीची वाट घळीच्या कडेकडेनं पलीकडं गेली होती. पलीकडं अर्जुनाचं झोपडं आणि मेंढरांचा काटेरी वाडगा.

दोन ओळींमधल्या पट्टीला 'मधली' म्हणायचे. डाव्या ओळीच्या बाहेर तात्याबाचं रान, उजव्या ओळीच्या बाहेर थोडा खडक आणि मग निव्वळ कडा. अर्जुनाच्या मेंढरांना पायथ्याच्या तळ्यावर पाण्याला उतरायला मधलीशिवाय दुसरी वाट नव्हती. आणि मधली आपली आहे असं तात्याबा म्हणत होता. ती त्याला मिळाली की तो तिला तारेचं कुंपण घालणार होता. मग अर्जुनानं एकतर मेंढरं विकायची, नाहीतर बापजाद्यांचा माळ सोडायचा.

तात्याबा म्हणजे अर्जुनाचा सख्खा चुलतभाऊ. दोघांनी लहानपणी एकाच घोंगड्यात झोप काढली होती. पुढं तात्याबानं बापाच्या माघारी मेंढरं विकली, विहीर पाडली, हरभरा पेरला, आणि तेव्हापासून त्याला मेंढराचा वास सोसवेना. शिजताना येणारा सोडून. मग वैर सुरू झालं, आणि ते नीट खतपाणी घालून वाढवलेलं होतं. एका सकाळी अर्जुनाचं कुत्रं तोंडाला फेस येऊन मेलं. त्याच पंधरवड्यात तात्याबाच्या विहिरीत मेलेली घोरपड तरंगताना दिसली. पाऊलवाटेवर बाभळीचे काटे पडायला लागले. तात्याबाच्या मोटरीची वायर कुणीतरी कुरतडली, आणि दातांच्या खुणांवरून तो म्हणाला, उंदीर न्हाई, अर्जुनाच हाय. हातपंपावर बयाबाई आणि तात्याबाची बायको शालूबाई एकमेकींकडं पाठ करून पाणी भरायच्या, त्यामुळं निम्मं पाणी हंड्याबाहेर जायचं.

किल्लारीच्या भूकंपाच्या पुढल्या साली, थंडीत, साताऱ्याहून ज्ञानदा नावाची बाई आली. कॉलेजात शिकवायची. गळ्यात कॅमेरा, हातात फीत. सकाळी उठून दगड मोजायची. दगड मोजणाऱ्या माणसाचा वाडीला आधीच संशय. धरण तरी येतं, नाहीतर कर तरी. आकाराम हवालदार पलटणीतून निवृत्त होऊन आलेला, त्यानं तिला ओसरीवर जागा दिली म्हणून कुणी तिला हुसकावलं नाही एवढंच. बाकी पाणी मागितलं की लोक तांब्या द्यायचे आणि तो परत येईपर्यंत तांब्यावरची नजर काढायचे नाहीत.

आठवडाभरानं दुपारी ती पारावर आली आणि ओंजळीतले दगडाचे बारके तुकडे तिनं लोकांपुढं ठेवले. पातळ, नखाएवढे, धार अशी की आकारामनं बोट लावलं आणि चोखायला तोंडात घातलं.

"हे घळीच्या तळाशी सापडले," ती म्हणाली. "माणसानं घडवलेत. लोखंड नव्हतं, शेती नव्हती, तेव्हाच्या माणसानं. आणि त्या दोन ओळी बांध नाहीत. बांध असा निमुळता होत जात नाही. अजून खात्रीनं सांगता येणार नाही, पण ती शिकारीची वाट असावी."

अर्जुना पाराच्या एका टोकाला, तात्याबा दुसऱ्या टोकाला. मध्ये अख्खी वाडी.

"गुडघ्याएवढ्या दगडाला हरीण भितंय व्हय, ताई?" अर्जुना म्हणाला. "एकदा एका काळविटानं माझ्या डोस्क्यावरनं उडी मारली. जाता जाता माझी टोपी घालून गेलं."

"मारतं की उडी," ज्ञानदा म्हणाली. "पण त्याला उडी मारायचं कारण पडायला हवं. घाबरलेला कळप समोर जिकडं मोकळं दिसतं तिकडं पळतो. बाजूला दगडांची रेघ, तिच्याआडून मधूनच कुणीतरी हललं, की कळप रेघेच्या आतच राहतो."

मग ती सांगत गेली आणि वाडी ऐकत गेली. त्या माणसांकडं ना धान्य, ना घर, ना कुत्रं. पोटात भूक आणि डोळ्यांत हरणं, एवढाच संसार. हरणं मारायची तर आधी हरणांबरोबर दिवस काढावे लागायचे. कळप कुठल्या वाऱ्याला कुठं बसतो, पाण्याला कधी उतरतो, पुढं कोण चालतं, कुणी मान वर केली की सगळे थबकतात, हे सगळं बघून ठेवायचं. मग बाया-पोरं दगडांमागं पालथी पडायची. काहीजण कळपाच्या मागून उठायचे, ओरडत, जाळ घेऊन. आणि एकजण, सगळ्यात धीट, हरणाचं कातडं पांघरून माथ्यावर उभा राहायचा. कळपाला वाटायचं, आपलाच कुणीतरी पुढं उभा आहे, तिकडं वाट असणार. कळप त्याच्याकडं धावायचा. तो ऐनवेळी बाजूला, आडोशाला उडी घ्यायचा.

"आणि हरणं?" आकारामनं विचारलं.

"पुढची थांबायला बघायची. मागची थांबू द्यायची नाहीत."



"म्हंजी आपलं पूर्वज लबाड हुतं," तात्याबा म्हणाला.

"तुजं आसतील," अर्जुना म्हणाला.

"आरं, तुजं न् माजं येकच की रं."

"व्हय. मधीच कुटंतरी नासलं."

लोक हसले. तात्याबा हसला नाही. तो त्या धारदार तुकड्यांकडं बघत बसला होता. अर्जुनाच्या डोक्यात मात्र वेगळंच चाक फिरायला लागलं होतं. शिकलेली बाई चारचौघांत सांगत होती की जनावर त्या ओळी ओलांडत नाही. म्हणजे मधली ही जनावराची वाट. म्हणजे जनावरं ज्याची, त्याची मधली. बाईच्या बोलण्याचा पुढला भाग त्याच्या कानावर पडला, पण आत शिरला नाही.

"हवालदार," तो उठून म्हणाला, "मी मेंढराची साक्ष मागतोय."

म्हाताऱ्यांच्या माना वर झाल्या. साक्षीचा हा रिवाज जुना. आकारामनं तो लहानपणी एकदाच पाहिला होता. वाटेवरून भांडण लागलं की कळप एका टोकाला सोडायचा आणि धन्यानं दुसऱ्या टोकाला घोंगडं पांघरून नुसतं उभं राहायचं. हाळी द्यायची नाही, शीळ घालायची नाही, पुढं यायचं नाही. कळप आपणहोऊन सरळ धन्याकडं गेला तर वाट धन्याची. मध्येच कड ओलांडून शेजाऱ्याच्या रानात शिरला तर वाट शेजाऱ्याची. माणूस खोटं बोलतो, कागद खोटं बोलतो, मेंढरू बोलतच नाही.

"पण मामा, कळप पळत सुटला तर..." ज्ञानदा म्हणाली.

"माजी मेंढरं पळत न्हाईत, ताई. रोज त्याच वाटंनं येत्यात. घळीपाशी आली की आपली आपण रांगंला लागत्यात. पलटण बी त्येंच्यापरीस उतावळी."

आकारामनं घसा खाकरला. "तात्याबा, बोल. मंजूर?"

इतकी वर्षं साक्षीचं नाव काढलं की तात्याबा अंगावर यायचा. या खेपेला त्यानं मुंडासं काढून गुडघ्यावर ठेवलं आणि हसत म्हणाला, "मंजूर. देव बी हाय, मेंढरू बी हाय. हुं दे."

अर्जुनानं घरी येऊन सांगितलं तेव्हा बयाबाई भाकरी थापत होती. तिचा हात थांबला.

"त्यो व्हय म्हणला?"

"लगीच."

"हासत म्हणला का कुरकुरत?"

"हासत."

"मग नगं."

"आता कसं नगं? भंडारा उचललाय. आगं, मधली आपली हुतीया. तुजा एडका साक्षीदार, हैबत्या. तेच्यावर बी भरोसा न्हाई?"

"हैबत्यावर हाय," बयाबाई म्हणाली आणि भाकरी तव्यावर अशी टाकली की तवा हलला.

साक्षीच्या दिवशी सकाळी वाडी माळावर जमली. सगळे वरच्या अंगाला, कुणी डाव्या ओळीच्या बाहेर, कुणी उजव्या बाजूच्या खडकावर. ज्ञानदा घळीपासून थोडी दूर कॅमेरा घेऊन उभी. आकाराम पलटणीतली शिट्टी गळ्यात अडकवून आला होता. त्यानं दोघांच्या कपाळाला बिरोबाचा भंडारा लावला.

"कोई भी बीचमें नहीं आयेगा," तो म्हणाला. "अर्जुना, तू वर. तात्याबा, तू माझ्याजवळ. बया वहिनी कळप सोडतील आणि बाजूला होतील."

"मी तर हलत बी न्हाई," तात्याबा म्हणाला.

अर्जुना पाऊलवाटेनं घळीच्या पलीकडं गेला, घोंगडं डोक्यावरून घेतलं आणि उभा राहिला. समोर घळ, घळीपलीकडं मधलीचं अरुंद टोक, आणि तिथून मधली खाली रुंद होत गेलेली, एखाद्या भल्या मोठ्या नरसाळ्यासारखी. तळाशी त्याची मेंढरं वाटाण्याएवढी दिसत होती. त्यातला काळा वाटाणा म्हणजे हैबत्या. हा एडका असा थोराड, की एकदा दहिवडीच्या बाजारात एका गिऱ्हाइकानं त्याला बैल समजून दात बघितले होते.

शिट्टी वाजली. बयाबाई बाजूला झाली. हैबत्यानं मान वर केली, वर घोंगडं ओळखलं, आणि निघाला. मागं कळप. कुणी घाई नाही, कुणी गडबड नाही. मध्येच एखादी मेंढी गवताला तोंड लावायची, कोकरू आईच्या पोटाखाली शिरायचं. कळप ओळींना चाटूनही गेला नाही. अर्जुनाच्या छातीत आनंदाचं असं काही फुगत चाललं की घोंगडं उसवेल असं त्याला वाटलं. तारेचं कुंपण नाही. विकणं नाही. माळ सोडणं नाही. तात्याबाचं तोंड आत्ता बघायला मिळावं, एवढीच काय ती हौस राहिली.

कळपानं निम्मी मधली ओलांडली, आणि ओळींच्या मागून माणसं उठली.

खालच्या अंगाला, डावीकडून चार-पाच, उजवीकडून चार-पाच. तात्याबाचे मेहुणे, मेहुण्यांचे पोरगे, विहिरीवरचे गडी. रॉकेलचे रिकामे डबे आणि काठ्या. पहाटेपासून दगडांमागं पालथे पडले असणार; अंगाला कुसळं चिकटली होती. ते कळपाच्या मागं धावले आणि डबे बडवायला लागले.

अर्जुनाला पहिल्यांदा वाटलं, आता मेंढरं डावीकडं फुटतील, हरभऱ्यात जातील, मधली गेली. त्यानं डावीकडं पाहिलं. तात्याबाची माणसं डाव्या ओळीच्या कडेनंच पळत होती. कळपाला बाहेर फुटू देत नव्हती, आत दाबत होती.

तेव्हा ज्ञानदाच्या बोलण्याचा तो उरलेला भाग त्याच्या कानातून आत शिरला.

तात्याबाला मधलीची फिकीरच नव्हती. कळप घळीत गेला की मधली कुणाला पाहिजे होती? आणि मेंढरं कशी पळतात हे तात्याबाला शिकवायला साताऱ्याहून कुणी यायला नको होतं. तो मेंढरांतच वाढला होता. खाली डबे, बाजूला दगड, आणि पुढं माथ्यावर कातडं पांघरून उभा असलेला तो धीट माणूस. अर्जुनानं आपल्या घोंगड्याकडं पाहिलं.

हैबत्या आता उधळला होता आणि नेमका त्याच्याकडंच येत होता. संकट आलं की धनी. मेंढराला एवढंच ठाऊक.

थांबायची हाळी दिली तर पुढची थांबतील, मागची थांबू देणार नाहीत. पाऊलवाट एकेकट्यानं चालायची, लोंढ्यानं पळायची नव्हे. एकच गोष्ट उरली होती. आपण जाऊ तिकडं हैबत्या येणार. तेव्हा सगळ्या वाडीदेखत, भंडारा कपाळावर असताना, आपणच कड ओलांडून तात्याबाच्या रानात शिरायचं. मधली आपल्या हातानं देऊन टाकायची.

विचार करायला जेवढा वेळ लागतो तेवढा त्याच्याकडं नव्हता. तो पाऊलवाटेवरून सुटला. नुसत्या चालण्यानं जिथं माणसाचे पाय कापतात तिथून तो घोंगडं सावरत असा धावला की, वाडीत पुढं सांगत, त्याची सावली पलीकडंच राहिली आणि नंतर वळसा घालून आली. अलीकडच्या टोकावर पोचला तेव्हा हैबत्याची शिंगं त्याला स्पष्ट दिसत होती. अर्जुना वाकला, घोंगडं पाठीवरून डोक्यापर्यंत ओढलं, आणि कळपाच्या डोळ्यांदेखत डाव्या ओळीवर चढला. वर क्षणभर थांबला. सगळ्यांना दिसू दिलं. मग दगडांपलीकडं तात्याबाच्या रानात उडी टाकली.

हैबत्यानं घळीच्या तोंडाशी अंग वळवलं. खुरांखालची माती घळीत गेली. मग काळं धूड दगडांवरून उडालं, मागून दुसरं, तिसरं, आणि सगळा कळप पांढरा-काळा होऊन ओळीवरून ओतल्यासारखा हरभऱ्यात पडायला लागला. ओळीचे दगड ढासळले. अर्जुना पळत राहिला, मेंढरं त्याच्यामागं.

सगळी वळली नाहीत. उजव्या कडेच्या काही मेंढ्यांना हैबत्या दिसलाच नाही. त्यांचा आवाज आला नाही. आवाज खाली पोचल्यावर आला.

डबे थांबले. आकाराम धापा टाकत वर आला, मागं तात्याबा.

"ही माणसं कुठून आली?" आकारामनं विचारलं.

"पोरं व्हय?" तात्याबा म्हणाला. "लाव्हं पाखरं धराया आली आसतील. थंडीचं लाव्हं लय पडत्यात हितं."

"डबे घेऊन?"

"लाव्हं भरायला."

"मैंने देखा, तात्याबा."

"मी बी बघितलं, हवालदार. कळप माज्या रानात गेला. त्यो बी धन्याच्या मागं. साक्ष काय म्हणती?"

आकारामनं शिट्टी हातात फिरवली. रिवाजात डब्यांबद्दल काही नव्हतं. रिवाज करणाऱ्यांना चुलतभाऊ नसावेत. तो अर्जुनाकडं न बघता म्हणाला, "मधली तात्याबाची."

बयाबाईनं खालून वर येत ते ऐकलं. ती हरभऱ्यात पसरलेल्या कळपाकडं गेली आणि मेंढरांच्या पाठीवरून हात फिरवत कोण आहे, कोण नाही ते बघायला लागली. अर्जुनानं घोंगडं तिथंच टाकलं, बयाबाईच्या खांद्यावरची कुऱ्हाड घेतली आणि घळीत उतरला.

तळाशी तीन मेंढ्या पडल्या होत्या. एक गाभण. तो त्यांच्याजवळ दगडावर बसला. वरून ज्ञानदा म्हणाली, "मामा, मी खाली येऊ?"

"नगं, ताई. तुमचं दगड कुटं जात न्हाईत."

थोड्या वेळानं तात्याबाची माणसं कोयते आणि पाट्या घेऊन अर्ध्यावर उतरली. पडलेलं जनावर वाडीनं वाटून खायचं, हाही रिवाजच. अर्जुना उठला नाही. त्यानं फक्त कुऱ्हाड मांडीवर आडवी घेतली.

"आरं, वाटा सगळ्यांचा आसतुय," वरून तात्याबा म्हणाला. "तुजा बी काढतो की."

"ये ना. उतर. तूच काढ."

तात्याबा उतरला नाही. माणसं अर्ध्यावर थबकली. तेवढ्यात डाव्या ओळीकडून शालूबाई पदर खोचत आली. वर काय घडलंय याचा तिला पत्ता नव्हता. ती सरळ घरून आली होती.

"आवं, किती उशीर," ती नवऱ्याला म्हणाली. "पहाटं म्हणलासा म्हणून वाटण काढून ठेवलंय. आंबून जाईल की."

 आकारामनं तात्याबाकडं पाहिलं. तात्याबानं शालूबाईकडं पाहिलं. शालूबाईनं घळीत पाहिलं आणि पदर तोंडाला लावला.

"वाटण पहाटंच काढलं व्हय, वहिनी?" खालून अर्जुनाचा आवाज आला, अगदी साधा. "खोबरं भाजून का कच्चं?"

शालूबाई माघारी फिरली. आकाराम शिट्टी खिशात घालून तिच्यामागून उतरला. दिलेला फैसला त्यानं बदलला नाही, पण त्या दिवशी तो तात्याबाच्या घरी जेवलाही नाही. बाकीचे बसून राहिले, घळीच्या कडेला, पाट्या उपड्या घालून. सकाळपासून कुणाच्या पोटात काही नव्हतं.

उन्हं कलली. वर आभाळात पहिलं गिधाड दिसलं, मग दुसरं. मग एवढी जमली की घळीत सावल्या गरगरायला लागल्या. बयाबाई कडेला येऊन उभी राहिली.

"आवं, तीनच हायत," ती म्हणाली. "बाकीची हायत."

"हैबत्या?"

"हाय. हरभरा खातुय."

"खाऊ दे. उद्या दिस उगवायच्या आत जतकडं निघू. त्याच्याच रानातनं."

तात्याबानं ते ऐकलं. त्याच्या हरभऱ्यातून दातांचा करकर आवाज येत होता, पण तो जागेवरून उठला नाही. उठून गेलो तर आपल्या माघारी मेंढ्यांची वाटणी होईल, अशी त्याला धास्ती होती.

गिधाडं खाली उतरली. पंख आवरून घळीच्या तळाशी धपाधप बसली, माना काढून अर्जुनाकडं बघायला लागली. अर्जुनानं कुऱ्हाड उचलली, त्यांना जागा करून द्यायला दगडावरून थोडा बाजूला सरकला, आणि वर कडेला बसलेल्या माणसांकडं तोंड करून बसला.